रेडिओवर आपलं गाणं वाजलं; रॉयल्टी मागायची कुठे?

सुरुवातीलाच सांगून टाकतो: गाणं दिवसातून दहा वेळा वाजलं तरी रेडिओ स्टेशन गायकाला फोन करून पैसे देत नाही. तशी वाट बघत बसलेली पोरं मला दर महिन्याला भेटतात. मी वकील नाही. पुण्यात बावीस वर्षं कीबोर्ड वाजवतोय, अरेंजिंग करतोय, आणि अलीकडे नव्या गायक-वादकांचे फॉर्म भरून देणं हा माझा जोडधंदा झालाय, तोही बहुतेक वेळा चहावर.

माझं स्वतःचं शिक्षण एका व्हाउचरवर झालं. गणपतीच्या गाण्यांचा अल्बम होता. दोन शिफ्टमध्ये आठ गाणी वाजवली, पाकीट हातात आलं आणि पाठोपाठ रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवलेलं व्हाउचर. 'फुल अँड फायनल' एवढंच वाचलं आणि सही ठोकली. सीडीच्या कव्हरवर गायकाचं नाव होतं, संगीतकाराचं होतं, स्टुडिओच्या चहावाल्याचं सोडून सगळ्यांचं होतं, वादकांचं नव्हतं. त्यातलं एक गाणं पुढे कित्येक भाद्रपद रेडिओवर वाजलं. सुरुवातीचा तो कीबोर्डचा तुकडा माझा आहे हे आज मी फक्त बायकोला पटवून देऊ शकतो, तेही तिला दया येते म्हणून. रेडिओचा पैसा नोंदीच्या मागे चालतो, आणि माझी नोंदच कुठे नव्हती. खाली जे लिहिलंय ते सगळं त्या एका व्हाउचरवरून शिकलेलं आहे.

आधी हे ठरवा: या गाण्यात मी कोण?

रेकॉर्ड झालेल्या एका गाण्यात हक्कांचे चार थर असतात. शब्द, चाल, रेकॉर्डिंग आणि सादरीकरण. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची. रेकॉर्डिंग हे कायद्याच्या भाषेत 'ध्वनिमुद्रण', आणि त्याचा मालक निर्माता, म्हणजे ज्याने ते करून घ्यायचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. स्टुडिओचा मालक किंवा माइकसमोर बसलेला रेकॉर्डिस्ट आपोआप मालक होत नाही. चौथा थर गाणाऱ्याचा आणि वाजवणाऱ्याचा. कायद्यात 'परफॉर्मर' या शब्दाच्या व्याख्येत गायक, वादक, नट, नर्तक यांच्याबरोबर जादूगार आणि गारुडीही बसवलेत, तेव्हा ढोलकीवाल्याने आपण त्यात येतो की नाही ही शंका काढून टाकावी.

उदाहरण घ्या. तुकोबांच्या अभंगाला तुम्ही नवी चाल लावली, स्वतःच्या खर्चाने रेकॉर्ड केलं आणि मैत्रिणीने गायलं. शब्दांवर आता कुणाचाच हक्क नाही. चाल तुमची, रेकॉर्डिंग तुमचं, गायन मैत्रिणीचं, पखवाज वाजवणाऱ्याचं सादरीकरण त्याचं. फॉर्ममध्ये गीतकाराच्या रकान्यात संत तुकाराम, पारंपरिक असं लिहायचं. तिथे स्वतःचं नाव घालणारे महाभाग मी पाहिलेत. असा दावा उघडकीला आला की बाकीच्या खऱ्या नोंदींवरही संशय येतो.

हे चार थर का समजून घ्यायचे? कारण प्रत्येक थराचा पैसा वेगळ्या दारातून येतो. एकाच माणसाच्या अंगावर तीन टोप्या असतील तर तीन दारं ठोठावावी लागतात. स्वतः लिहून, स्वतः चाल लावून, स्वतः गाणारी आजची पिढी नेमकी इथे चुकते. फक्त यूट्यूब चॅनेल उघडतात आणि सगळं झालं असं समजतात.

कायदा गायकाला काय देतो

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुळात गायक-नटांचा वेगळा हक्कच नव्हता. १९७८ मध्ये देव आनंद यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने चित्रपटातल्या नटाच्या कामाला कॉपीराइट नाही असं म्हटलं. १९९४ च्या दुरुस्तीने परफॉर्मरचा हक्क आणला, तो १० मे १९९५ पासून लागू झाला, आणि मुदत होती २५ वर्षं. १९९९ मध्ये ती ५० वर्षं झाली. पण पैशाच्या दृष्टीने खरी तारीख २१ जून २०१२. त्या दिवशी लागू झालेल्या दुरुस्तीने कलम ३८-ए आलं. त्यात म्हटलंय की सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाला तर परफॉर्मरला रॉयल्टीचा हक्क आहे. २०१३ च्या नियमांनी व्यावसायिक वापरात प्रसारणही धरलंय, आणि स्टुडिओत केलेलं रेकॉर्डिंगसुद्धा सादरीकरणच समजलंय. म्हणजे 'आम्ही काय स्टेजवर थोडेच गायलो' हा प्रश्न मिटला.

त्याच दुरुस्तीत ३८-बी कलमही आहे: सादरीकरण तुमचं आहे म्हणून ओळख मिळण्याचा, आणि तुमच्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड थांबवण्याचा हक्क.

आता कटू भाग. गीतकार आणि संगीतकार यांच्याबाबत कायदा मालकाबरोबर समान वाटा म्हणतो, आणि तो वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी (सभासदांच्या वतीने रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) सोडून कुणाला देऊन टाकता येत नाही. संसदेत जावेद अख्तर यांनी ज्यासाठी किल्ला लढवला तो हाच मुद्दा. गायकाला रॉयल्टी आहे हे कायदा सांगतो, पण किती टक्के ते त्याने लिहिलेलं नाही. त्यामुळे २०१२ नंतरची बरीच वर्षं म्युझिक कंपन्या आणि गायक यांच्यात 'द्यायचं कोणी, कशातून' यावरच गेली. २०२३ मध्ये कंपन्यांची संघटना आयएमआय आणि गायकांची संस्था इसामरा यांच्यात समझोता झाला, तेव्हा कुठे गाडी हलली. गायकाकडे येणारी पैशाची धार चारांत सगळ्यात बारीक आहे, हे मनाशी धरूनच पुढे वाचा.

स्टेशन पैसे देतं कसे

रेडिओसाठी कायद्यात ३१-डी हे खास कलम आहे, तेही २०१२ चंच. प्रसिद्ध झालेलं गाणं वाजवायला स्टेशनला प्रत्येक मालकाच्या पाया पडायला नको, म्हणून केलेली सोय. आधी नोटीस द्यायची, ठरलेल्या दराने रॉयल्टी भरायची आणि वाजवायचं. मालक नाही म्हणू शकत नाही. रेडिओ आणि टीव्हीचे दर वेगळे.

दरांची भांडणं जुनी आहेत. २५ ऑगस्ट २०१० ला कॉपीराइट बोर्डाने खासगी एफएमसाठी जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नाच्या २ टक्के हा दर ठरवला. एवढ्या २ टक्क्यांतून सगळ्या संगीतवाल्यांनी वाटून घ्यायचं. मग ३१ डिसेंबर २०२० ला बौद्धिक संपदा अपील मंडळाने हिशेब पुन्हा 'नीडल अवर'वर आणला. हा शब्द ऐकून घाबरू नका. रेकॉर्ड प्लेअरची सुई तबकडीवर जेवढा वेळ टेकलेली, तेवढाच वेळ मोजायचा. निवेदकाच्या गप्पा, जाहिराती, ट्रॅफिकच्या बातम्या त्यात नाहीत. सुई गेली, शब्द राहिला. तो आदेशही ३० सप्टेंबर २०२१ पर्यंतचाच होता, आणि त्याआधी एप्रिल २०२१ मध्ये ते मंडळच बरखास्त झालं. तेव्हापासून अशी प्रकरणं कमर्शियल कोर्टांकडे किंवा उच्च न्यायालयांकडे जातात, आणि मोठ्या कंपन्या व स्टेशन्स आपापसांत करार करतात.

तुम्हाला यातून लक्षात ठेवायचं ते एवढंच की रेकॉर्डिंगचा पैसा रेकॉर्डिंगच्या मालकाकडे जातो. शब्द आणि चालीचा पैसा वेगळा. तो द्यायचाच की नाही यावर स्टेशनवाल्यांनी बरीच वर्षं वाद घातला. २८ एप्रिल २०२३ ला मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात सांगितलं की २०१२ नंतर गीतकार-संगीतकारांना रेडिओच्या वाजण्यावर वेगळी रॉयल्टी आहे. त्यामुळे तुम्ही गायकही आहात आणि गीतकारही, तर गीतकाराची टोपी आधी सांभाळा. तिकडची वाट जास्त मळलेली आहे.

३१-डी मधली एक ओळ मला फार आवडते. वाजवताना लेखक-संगीतकार आणि मुख्य कलाकार यांची नावं जाहीर करायची, असं कलम सांगतं. विविध भारतीवर गायक, गीतकार, संगीतकार ही तीन नावं ऐकत आपण मोठे झालो. खासगी एफएमवर गाण्याआधी गायकाचं नाव कानावर पडलं तर मी रिक्षावाल्याला आवाज वाढवायला सांगतो, इतकं ते दुर्मीळ आहे. नाव न घेतल्याने पैसे बुडत नाहीत, पण नोंदीची सवय तिथूनच सुटते.

करार: इथे वेळ घालवा

स्टुडिओत जाण्याआधी कागद. नंतर नाही. आवाज देऊन झाला की तुमची किंमत उतरते, हे स्पष्टच बोललेलं बरं.

कायदा तुमच्या बाजूने बऱ्याच गोष्टी आधीच सांगून ठेवतो, आणि ३९-ए कलमामुळे त्या परफॉर्मरलाही लागू होतात. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, आणि देणाऱ्याची सही हवी. कोणतं गाणं, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश हे लिहायला हवं. मोबदला आणि रॉयल्टी किती तेही. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क कंपनीने वर्षभर वापरलाच नाही तर, करारात वेगळं काही नसेल तेव्हा, तो परत येतो. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचा करारात नावानिशी उल्लेख नसेल तर त्याचे हक्क कंपनीला मिळत नाहीत.

म्हणून करार हातात आला की पहिल्यांदा 'कायमस्वरूपी', 'संपूर्ण विश्वात' आणि 'सर्व ज्ञात-अज्ञात माध्यमांत' हे शब्द शोधा. पेन्सिलने गोल करा. हे तीन गोल झाले की निम्मा करार वाचून झाला. विश्वात आपलं गाणं गुरू ग्रहावर वाजणार नाही हे कंपनीलाही माहीत असतं, पण छापील नमुना कोण बदलणार?

मग मानधनाचं कलम बघा. मानधन आणि रॉयल्टी हे दोन वेगळे पैसे आहेत. मानधन म्हणजे त्या दिवशी घशाला किंवा बोटांना दिलेले कष्टाचे पैसे. रॉयल्टी म्हणजे ते काम पुढे वापरत राहण्याचे. नमुन्यातल्या करारात हे दोन एकाच वाक्यात गुंडाळलेले असतात: 'सदर रकमेत सर्व देणी समाविष्ट'. ते खोडून मी हे लिहायला सांगतो:

'वरील रक्कम फक्त रेकॉर्डिंगच्या कामाचं मानधन आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८-ए खाली गायकाला मिळणारी रॉयल्टी यात धरलेली नाही. ती गायकाला, किंवा गायक सभासद असलेल्या संस्थेला, स्वतंत्रपणे दिली जाईल.'

खाली अजून एक ओळ: 'गाण्याची माहिती कुठेही देताना मुख्य गायक म्हणून नाव पुढीलप्रमाणेच लिहिलं जाईल', आणि नाव मराठीत व इंग्रजीत, अक्षर न् अक्षर. कंपनीचा माणूस याला कधीच विरोध करत नाही, कारण याला पैसे पडत नाहीत. तुमच्या दृष्टीने मात्र पानावरची सगळ्यात महागडी ओळ हीच.

मानधनाच्या ओळीला विरोध होतो. 'आमची पॉलिसी नाही', 'सगळेच सह्या करतात', 'मोठ्या मोठ्या गायकांनी केलीये'. अशा वेळी भांडू नका. विचारा, मग मुदत कमी कराल का? १० वर्षं? फक्त हे एक रेकॉर्डिंग, रिमिक्स वेगळं? नव्या कलाकाराला टक्क्यांत फार काही मिळत नाही, मुदतीत मिळतं. आणि तेही नाही मिळालं तरी गाणं सोडायचं की नाही हा तुमचा निर्णय. मी स्वतः दोनदा सोडलं, चारदा सही केली. पहिली संधी म्हणून सही करणाऱ्याला मी कधी मूर्ख म्हटलेलं नाही, फक्त प्रत घेतल्याशिवाय उठू नको असं सांगतो.

मित्रामित्रांत केलेल्या गाण्याचं काय? तिथे तर कागद जास्त हवा. भजनी मंडळ असो की रॅप करणारी चौकडी, एका पानावर लिहा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, रेकॉर्डिंगचा खर्च कुणी केला, मुख्य आवाज कुणाचा, कोरसमध्ये कोण, वादक कोण, आणि पैसे आले तर कुणाला किती. खाली सगळ्यांच्या सह्या. व्हॉट्सॲपवर 'ओके भावा' आणि अंगठा याला मैत्रीत किंमत असेल, हक्क देताना नाही.

नोंद: नाव एकच ठेवा

सांगलीचा एक पोरगा माझ्याकडे आला होता. चांगला गातो, स्वतः लिहितो, ११ गाणी प्रसिद्ध. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आम्ही त्याची गाणी एकेक करून उघडली. चार गाण्यांवर त्याचं नाव वडिलांच्या नावासकट. तिघांवर फक्त टोपणनाव. दोघांवर आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. उरलेल्या दोनांवर गायक म्हणून त्याच्या यूट्यूब चॅनेलचं नाव, कारण पहिल्यांदा गाणं चढवताना त्याने तोच रकाना भरला होता. संगीतकाराच्या जागी काही ठिकाणी रेकॉर्डिस्ट. म्हणजे मशीनच्या दृष्टीने ही चार वेगवेगळी माणसं, आणि चौघांपैकी एकाचंही बँक खातं नाही. सगळं दुरुस्त करायला तीन तास लागले. मध्ये पोहे झाले.

तेव्हा एक नाव निवडा आणि मरेपर्यंत तेच वापरा. पॅन कार्डावरचं खरं नाव आणि कलाकार म्हणून घेतलेलं नाव वेगळं असेल तर संस्थेच्या फॉर्ममध्ये दोन्हींचे रकाने असतात, दोन्ही भरा.

प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. गाण्याचा आधार क्रमांकच म्हणा. सुरुवातीला देशाची दोन अक्षरं, मग नोंदणी करणाऱ्याचे तीन, मग वर्षाचे दोन आकडे आणि शेवटी पाच आकडी अनुक्रमांक. भारतात हे काम आयएमआय बघते. तुम्ही डिस्ट्रिब्युटरमार्फत (गाणं ॲप्सवर पोचवणारी कंपनी) गाणं चढवत असाल तर बहुतेक तोच क्रमांक देतो. रिमिक्स, अनप्लग्ड, लाइव्ह प्रत्येकाला नवा क्रमांक. पण तेच रेकॉर्डिंग दुसऱ्या कंपनीकडे गेलं तरी क्रमांक जुनाच राहायला हवा. डिस्ट्रिब्युटर बदलताना नवीन क्रमांक घेऊन बसणारे खूप आहेत; त्यांच्या एकाच गाण्याची दोन खाती होतात.

रेडिओला फाइल पाठवताना हे सगळं फाइलच्या आतल्या माहितीत भरा. 'ट्रॅक ०१ फायनल न्यू फायनल' अशा नावाची फाइल स्टेशनच्या सिस्टिममध्ये गेली की वाजल्याच्या यादीतही तशीच पडते. कायद्याने स्टेशनने वाजवलेल्या गाण्यांच्या नोंदी आणि हिशेब ठेवायचे असतात. पण नोंदीत 'न्यू फायनल' असेल तर ते कुणाचं, हे शोधायला कुणी सांगलीला येणार नाही.

कुठल्या दारात जायचं

गायक आणि वादकांसाठी इसामरा. २०१३ मध्ये ती गायकांची संस्था म्हणून इसरा या नावाने कॉपीराइट सोसायटी झाली, पुढे वादकही सामील झाले आणि नाव वाढलं. परवान्याशिवाय सभासद-गायकांची गाणी वाजवणाऱ्या रेस्टॉरंटविरुद्ध ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि २०१६ मध्ये जिंकलीही.

गीतकार आणि संगीतकारांसाठी आयपीआरएस. १९६९ पासूनची संस्था, २०१७ मध्ये सरकारदरबारी पुन्हा नोंदली गेली.

रेकॉर्डिंगच्या मालकांसाठी पीपीएल आणि आरएमपीएल ही नावं कानावर येतील. स्वतःच्या खर्चाने दोन-चार गाणी करणाऱ्याने इकडे घाई करू नये. आधी वरच्या दोन.

कागदपत्रं नेहमीचीच: पॅन, आधार, फोटो, रद्द केलेला चेक, प्रसिद्ध गाण्यांची यादी आणि ती प्रसिद्ध झाल्याचा पुरावा. नॉमिनीचा रकाना रिकामा सोडू नका. सभासद झाल्यावरचं काम मात्र बरेच जण विसरतात: गाण्यांची नोंद स्वतः करायची असते, आणि नवीन गाणं आलं की लगेच. सभासदत्वाचं कार्ड पाकिटात आणि यादीत शून्य गाणी, असे किती तरी निघतील.

एक सावधानता. आयपीआरएससारख्या संस्थेत जाताना तुम्ही सार्वजनिक वाजवण्याचा आणि प्रसारणाचा हक्क तिच्याकडे सोपवता. मग तोच हक्क एखाद्या कंपनीला वेगळ्या करारात लिहून देऊ नका. करारात आधीच नमूद करा की मी अमुक संस्थेचा सभासद आहे आणि हे हक्क तिच्याकडे आहेत.

आणि स्टेशनवर गाणं लावून देतो म्हणून पैसे मागणारे एजंट. त्यांच्याबद्दल एकच सांगतो, माझ्या ओळखीत ज्यांनी दिले त्यांच्यापैकी कुणाच्याही रॉयल्टीतून ते वसूल झाले नाहीत.

वाजलं हे कळणार कसं

मोठ्या स्टेशन्सचं वाजणं मशीन ओळखतात. तरी वही ठेवा. तारीख, वेळ, स्टेशन, शहर, गाण्याचं नाव, कुणी ऐकलं. शक्य असेल तर फोनवर तीस सेकंदांचं रेकॉर्डिंग, ज्यात गाण्यानंतर स्टेशनचं नाव ऐकू येतंय. कोल्हापूरच्या मावशीने ऐकलं तर तिलाच बोलून पाठवायला सांगा. संस्थेचा हिशेब आला की वहीतल्या तारखांशी ताडून बघा. पहिल्या हिशेबात आकडा बघून हसू येईल, रडू नका. त्या कागदावर बघायचं ते हे की सगळी गाणी दिसताहेत का, आणि तुमच्या नावापुढे बरोबर भूमिका आहे का. टीडीएस कापला असेल तर तो पॅनवर दिसतोय का तेही बघा.

आकाशवाणीचं वेगळं. स्वरपरीक्षा पास होऊन, ग्रेड घेऊन तुम्ही त्यांच्या स्टुडिओत गायलात तर ते रेकॉर्डिंग आकाशवाणीने केलेलं असतं आणि फी करारावर ठरते. पुनःप्रसारणाबद्दल त्या करारात काय छापलंय ते वाचून सही करा. तुमचं बाहेर प्रसिद्ध झालेलं गाणं तिथे वाजणं ही निराळी गोष्ट, त्याचा आणि त्या फीचा संबंध नाही.

स्पॉटिफाय, गाना वगैरेही या लेखाच्या बाहेर. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आणि मग खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलंय की ३१-डी ची सोय इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगला नाही. तिथे थेट करार चालतात.

न्यू जर्सीतल्या आत्याने ऐकलं तर

अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं तर गायकाला आणि रेकॉर्डिंगच्या मालकाला एक सेंटही मिळत नाही. गीतकार-संगीतकारांना मिळतो, गायकाला नाही. जगाला कॉपीराइट शिकवणाऱ्या देशात हे आजही असंच आहे. १९९५ च्या कायद्याने मात्र डिजिटल प्रसारणावर रॉयल्टी आली. म्हणजे उपग्रह रेडिओ आणि इंटरनेट रेडिओ. ती साउंडएक्स्चेंज ही संस्था गोळा करते: ५० टक्के रेकॉर्डिंगच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला, ५ टक्के साथीच्या गायक-वादकांसाठीच्या निधीत. नोंदणीला पैसे लागत नाहीत. तिकडे राहणारी मराठी मंडळी इंटरनेट रेडिओ चालवतात, गणेशोत्सवात आपली गाणी लावतात. तुमचं रेकॉर्डिंग तुमच्याच मालकीचं असेल तर मालक आणि कलाकार अशा दोन्ही नोंदी करा. तिथेही आयएसआरसी विचारतात, म्हणून तो क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर.

मागायचं पत्र

गाणं वाजतंय, कंपनीकडून हिशेब नाही, फोन उचलत नाहीत. वकिलाच्या नोटिशीआधी स्वतः एक साधं पत्र पाठवा. अर्ध्या पानाचं. शिव्या नकोत, कर्तबगारीचा पाढा नको. मजकूर असा:

'आपण प्रसिद्ध केलेल्या अमुक गाण्यात, आयएसआरसी अमुक, मी मुख्य गायक आहे. आपल्यातला करार अमुक तारखेचा आहे. सोबतच्या यादीतल्या तारखांना हे गाणं रेडिओवरून प्रसारित झालं आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८-ए नुसार माझ्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापराची रॉयल्टी मिळण्याचा मला हक्क आहे. या गाण्याच्या प्रसारणातून मिळालेल्या रकमेचा हिशेब ३० दिवसांत कळवावा. मी इसामराचा सभासद आहे, सभासद क्रमांक अमुक.'

सभासद असाल तर प्रत संस्थेला. ईमेल पाठवाच, पण कागदही पाठवा. ईमेल 'दिसला नाही' म्हणता येतो. पूर्वी आम्ही रजिस्टर पोस्टाने पाठवायचो, आता ते स्पीड पोस्टातच गेलंय, तेव्हा खिडकीवर पोचपावती हवी असं आठवणीने सांगा. ती परत आली की कराराच्या प्रतीला टाचून ठेवा.

आमच्या सांगलीच्या पोराच्या फाइलमध्ये आता अशा दोन पोचपावत्या आहेत. एका कंपनीचं उत्तर आलंय, त्यात त्याच्या आडनावात परत तो जास्तीचा 'ए' आहे. दुरुस्तीचं पत्र मी काल टाइप करून दिलं.